चिखलातील ठेव

केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील गाझी उपसागरात सुमारे ११७ हेक्टर कांदळवन गावकऱ्यांनी सांभाळले आहे. 'मिकोको पामोजा' हे त्या उपक्रमाचे स्वाहिली नाव. मिकोको म्हणजे खारफुटी, पामोजा म्हणजे एकत्र. खारफुटीची पानेमुळे ज्या चिखलात गाडली जातात त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून ती अतिशय सावकाश कुजतात आणि त्यांतील कार्बन शतकानुशतके तेथेच राहतो. उथळ समुद्रातील सागरी गवताचेही तसेच. मात्र ही ठेव मोडली, म्हणजे वन तुटून चिखल उघडा पडला, की साठलेला कार्बन पुन्हा हवेत जातो.

वर्षाला सुमारे ३,००० टन कार्बन डायऑक्साइडचे श्रेयांक येथून विक्रीस निघतात. त्या पैशातून गावाला पाणी आणि शाळेला पुस्तके मिळाली. कारखान्यांच्या धुराड्यांपुढे हे टन नगण्यच, आणि श्रेयांक घेणारा आपला धूर कमी करीलच असेही नाही. ही शंका रास्त आहे. पण पूर्वी इमारती लाकूड व सरपण यांसाठी तुटणाऱ्या या वनाची राखण आता गावकरीच करतात. सरपणाची गरज भागावी म्हणून त्यांनी सुरूची झाडे वेगळी लावली आहेत. कोकण किनाऱ्यावर दिसतात तीच.