ट्रॅक्टरचा खरा साज

दोस्तांनो, मागच्या दिवाळीत मी ताईच्या गावी गेलो होतो. गाव सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, उजनीच्या कालव्याजवळ. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि ज्वारीच्या या मुलखात हळूहळू ऊस उभा राहिला. आज जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, की गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे रस्त्यावर जिकडे पाहावं तिकडे उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या!

दाजींनी नुकताच एक जुना ट्रॅक्टर घेतला होता, पस्तीस हॉर्सपॉवरचा. सोबत ट्रॉली. माझा भाचा नववीत आहे. मी एस.टी.तून उतरतो न उतरतो तोच त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"मामा, ट्रॅक्टर सजवायचाय. लिस्ट केलीया. आजीनं पाच हजार दिलेत."

मी कागद वाचला. म्युझिकल हॉर्न, रंगीत दिव्यांची माळ, टेप आणि दोन मोठ्ठे स्पीकर, बॉनेटवर वाघाचं स्टिकर, आरशांना गोंडे. यादी दणदणीत होती!

"तात्यांना दाखवलीस का?" मी विचारलं. तात्या म्हणजे त्यांचे ड्रायव्हर. वय साठीकडे झुकलेलं. डावा पाय जरा ओढत चालतात.

"दाखवली. ते नुसतं हसले. म्हणाले, आधी ट्रॅक्टरला इचार, त्याला काय पायजे."

आता ट्रॅक्टरला कसं विचारायचं? आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तेच केलं. तात्या, भाचा आणि मी, तिघंही ट्रॅक्टरभोवती फिरलो. त्या फेरीत जे कळलं, ते तुम्हांलाही सांगतो.

पहिलं म्हणजे चाकं. मागची चाकं केवढी मोठी आणि पुढची केवढी लहान! कारण नांगर ओढायचं काम मागच्या चाकांचं. ती जमिनीला घट्ट धरून राहिली पाहिजेत. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाकं असत. १९३२ साली अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीने फायरस्टोन कंपनीचे हवेचे रबरी टायर ट्रॅक्टरला बसवले. आधी तर विमानाचेच टायर वापरून पाहिले होते! शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. मग कंपनीने चक्क ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९३३ साली बार्नी ओल्डफिल्ड या प्रसिद्ध मोटार-शर्यतपटूने ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांनी, म्हणजे जवळजवळ १०३ किलोमीटर वेगाने पळवला. अर्थात तो खास शर्यतीसाठी तयार केलेला ट्रॅक्टर होता. आपल्या ट्रॅक्टरवर असला पराक्रम कुणी करू नये!

तात्यांनी मागच्या टायरवर हात मारला. "ह्यात पाणी हाय."

"पाणी? टायरमध्ये?" भाच्याचे डोळे मोठे झाले.

हो, पाणीच. आपली काळी माती ओली झाली की चिकट होते. चाक घसरतं, जागच्या जागी गरगर फिरतं आणि डिझेल फुकट जातं. म्हणून चाकाचं वजन वाढवतात. त्यासाठी सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे पाणी. मधल्या आकाराच्या मागच्या टायरमध्ये दीडशे ते पावणेदोनशे लिटर पाणी सहज मावतं, म्हणजे तेवढेच किलो वजन वाढलं. पण टायर काठोकाठ भरायचा नाही. वाल्व सगळ्यांत वर येईल असं चाक उभं करायचं आणि वाल्वच्या पातळीपर्यंतच पाणी भरायचं. साधारण पाऊण टायर भरतो. उरलेल्या जागेत हवा. खड्ड्यात आपटलं तर ही हवाच गादीचं काम करते, कारण हवा दाबली जाते आणि पाणी दाबलं जात नाही.

मग नेहमीच पाणी भरून ठेवावं का? नाही. हंगामभर रस्त्यावर ट्रॉलीच ओढायची असेल, तर तेवढं ओझं उगाच वागवावं लागतं. शिवाय वजनदार चाकाने ओल्या शेतात गेलं की माती दबून घट्ट होते आणि पिकाच्या मुळांना खाली जाता येत नाही. म्हणून तात्या वापसा आल्याशिवाय ट्रॅक्टर शेतात घालत नाहीत. मूठभर माती दाबून पाहायची. बोटाला चिकटली नाही आणि ढेकूळ सहज फुटलं, की समजायचं वापसा आला.

टायरमधल्या हवेचंही तसंच. मोटारीच्या चाकात तीस पौंडांच्या आसपास हवा असते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात शेतात काम करताना बारा-चौदा पौंड पुरते. हवा कमी म्हणजे टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि पकड वाढते. रस्त्यावर ओझं न्यायचं असेल, तर कंपनीच्या पुस्तकात लिहिली असेल तेवढी वाढवायची. म्हणजे पहिली खरेदी ठरली, हवा मोजायचं मीटर. भाच्याने नाक मुरडलं, पण कागदावर लिहिलं.

मग तात्यांनी त्याला सीटवर बसवलं. किल्ली मात्र स्वतःच्या खिशात!

"ब्रेक किती हायत?"

"दोन."

मोटारीला ब्रेकचं पेडल एक, ट्रॅक्टरला दोन. एक डाव्या चाकाचं, एक उजव्या. शेताच्या कडेला थोड्या जागेत वळायचं असलं, की ज्या बाजूला वळायचं त्याच बाजूचा ब्रेक दाबतात. ते चाक थांबतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती वळतो. मोठी सोय! पण हीच सोय रस्त्यावर घात करते. वेगात असताना चुकून एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. म्हणून दोन्ही पेडलं जोडायला एक छोटी कडी दिलेली असते. शेतातून रस्त्यावर येताना ती लावायची. आमच्या ट्रॅक्टरची कडी होती, पण गंजून बसली होती. तिला तेल पाजून मोकळी केली. खर्च शून्य!

यानंतर तात्या ट्रॅक्टरच्या मागे गेले. इथे एक दांडा फिरतो. त्याला पी.टी.ओ. म्हणतात. इंजिनाची ताकद तो रोटाव्हेटरला किंवा मळणी यंत्राला पोचवतो. त्याचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे. भाच्याला म्हटलं, "कर गणित."

"सेकंदाला नऊ फेरे."

"दांडा सहा सेंटिमीटर जाडीचा धर. एका फेऱ्यात किती कापड गुंडाळेल?"

त्याने जमिनीवर काडीने गणित मांडलं. परीघ सुमारे १९ सेंटिमीटर. गुणिले नऊ. "एकशे एकाहत्तर! म्हणजे पावणेदोन मीटर!"

"एका सेकंदात," मी म्हणालो. धोतराचा सोगा, ओढणी, पदर, सैल बाही यांपैकी काहीही त्यात अडकलं, तर 'थांबवा' म्हणायलाही वेळ मिळत नाही. म्हणून या दांड्यावर प्लॅस्टिकची नळी असते, पी.टी.ओ. गार्ड. आमची नळी तडकून अर्धी गळून पडली होती. दुसरी खरेदी ठरली.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? चाकं चिखलात रुतून बसली आणि ड्रायव्हरने जोरात क्लच सोडला, तर इंजिन चाकाला फिरवू पाहतं. चाक तर फिरत नाही. मग ट्रॅक्टरचं तोंडच वर उचललं जातं. पुरता उलटायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. साखळी उंचावर बांधून ओंडका ओढला तरी हेच होतं. म्हणून ओढायची वस्तू नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडायची आणि रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो रिव्हर्समध्ये बाहेर काढायचा.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन या इंजिनियरने हा धोका ओळखला. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर उलटायचा. त्याने पुढे नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडायची युक्ती काढली, दोन खाली आणि एक वर. नांगर अडला, की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि तोंड वर उचलू देत नाही. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही जोडणी आली, आणि आज तुमच्या गावातल्या ट्रॅक्टरलाही तीच असते. 'मॅसी फर्ग्युसन' या नावातला फर्ग्युसन तो हाच, बरं का!

पण बाजूला उलटण्यावर या युक्तीचा इलाज नाही. त्यासाठी ड्रायव्हरच्या मागे मजबूत लोखंडी चौकट असते. ट्रॅक्टर उलटला तरी ती जमिनीला टेकते आणि ड्रायव्हरला चिरडू देत नाही. सोबत सीटबेल्ट मात्र हवाच, नाहीतर माणूस चौकटीबाहेर फेकला जातो. १९५९ साली स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली. पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. आपल्याकडे उन्हासाठी जे पत्र्याचं छत लावतात, ते म्हणजे ही चौकट नव्हे. छत सावली देतं, जीव वाचवत नाही.

चौकट काही पाच हजारांत बसणार नव्हती. शिवाय ती गावच्या वेल्डिंगच्या दुकानात करून घ्यायची वस्तूही नाही. त्या ट्रॅक्टरसाठी तपासलेलीच हवी. दाजी म्हणाले, "ऊस गेला की बघू." मी म्हटलं, "दाजी, नुसतं बघू नका, घ्याच."

तेवढ्यात भाचा सवयीने मडगार्डवर चढून बसला. तात्या एकदम ओरडले, "उतर आधी!"

तो दचकून उतरला. तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग डाव्या पायावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्याच वयाचा हुतो. हितंच बसलो हुतो, मडगार्डवर. बांधावरनं उतरताना हिसका बसला. मागलं चाक पायावरनं गेलं. पाय ऱ्हायला, ही देवाची किरपा. ट्रॅक्टरला शीट एकच असतं, बाळा. त्ये कशापायी, त्ये ध्यानात ठिव."

कुणीच काही बोललं नाही. भाच्याने कागद काढला आणि 'स्पीकर' या शब्दावर स्वतःच काट मारली. मी कारण विचारलं तर म्हणाला, "तात्यांना मागनं कुणी हाक मारली तर ऐकू यायला नको व्हय?"

रात्री जेवण झाल्यावर मी त्याला टॉर्च घेऊन बाहेर नेलं. ट्रॉली गावाबाहेरच्या पाणंदीत उभी होती. शंभर पावलं लांब गेलो आणि मागे वळून टॉर्च मारली.

"दिसते का ट्रॉली?"

"न्हाई."

"आता समज, तू मोटारसायकलवर आहेस. ताशी साठचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोरून गाडी येतेय म्हणून तू डिपर दिलायस. उजेड पडतो चाळीस-पन्नास मीटरपर्यंत. म्हणजे ट्रॉली दिसल्यापासून तुझ्या हातात किती सेकंद?"

"तीनच!"

तीन सेकंदांत पाहायचं, ओळखायचं आणि ब्रेक दाबून थांबायचं. त्यात उसाची वाढी मागे लोंबत असतात. ट्रॉलीला लाल दिवा असला तरी तो त्यांच्याआड झाकला जातो. दर हंगामात आपल्या जिल्ह्यात याच कारणाने माणसं जातात.

यावर उपाय आहे रिफ्लेक्टर. साध्या आरशावर तिरका उजेड पडला तर तो भलतीकडेच जातो. रिफ्लेक्टरमध्ये बारीक बारीक कोपरे किंवा काचेचे मणी असतात. ते उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. इंग्लंडमध्ये पर्सी शॉ याने १९३४ साली याच तत्त्वावर रस्त्यात बसवायच्या 'मांजराच्या डोळ्यां'चं पेटंट घेतलं. रिफ्लेक्टर शे-दीडशे मीटरवरूनही चमकतो. बॅटरी नको, वायर नको!

दुसऱ्या दिवशी आम्ही कुर्डुवाडीला जाऊन रिफ्लेक्टरची पट्टी आणली. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी. आधी पत्रा घासून, धुऊन, वाळवून घेतला, कारण धुळीवर पट्टी टिकत नाही. उसाच्या वाढ्यांवरून बांधायला रिफ्लेक्टर लावलेलं एक लाल कापड वेगळं केलं. मागच्या दिव्याची तुटलेली वायर तात्यांनी जोडली. रात्री पुन्हा शंभर पावलं गेलो. टॉर्च मारली आणि अंधारात लाल चौकट लखकन चमकली!

"आयला!" भाचा म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मीटर, गार्ड, पट्टी आणि कापड धरून पाच हजारांतले थोडे पैसे उरले. त्यांचे त्याने आरशांसाठी गोंडे घेतले. का नाही घ्यायचे? पण आरसा झाकला जाणार नाही असे, आखूड!

मित्रांनो, ट्रॅक्टर चालवायचं वय अठरा, तेही लायसन्स काढून. तोवर तपासायचं काम मात्र तुमचं. घरी किंवा शेजारी ट्रॅक्टर असेल, तर मोठ्यांना सोबत घेऊन एवढं पाहा: ब्रेकची कडी लागते का? पी.टी.ओ.वर नळी आहे का? मागचा दिवा लागतो का? रिफ्लेक्टर चिखलाने माखलेत का? आणि मडगार्डवर कुणी बसलंय का? बसलं असेल, तर तात्यांसारखं ओरडा.

रिफ्लेक्टरचा प्रयोगही करून पाहा. टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबच्या रिफ्लेक्टरवर मारा. मग तीच टॉर्च चार पावलं बाजूला उभ्या असलेल्या मित्राच्या हातात द्या. चमक कमी होते की नाही? का होते, ते आता तुम्ही सांगू शकाल.

मागच्या आठवड्यात भाच्याचं पत्र आलं. मोळी टाकून हंगाम सुरू झाला, पहिली खेप गेली. पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, "मामा, शेजारच्या सहा ट्रॉल्यांना मीच पट्ट्या लावल्या. आणि तात्यांनी वाघाचं स्टिकर स्वतःच्या पैशानं आणलं."