नाव राखू या, माणसाला जाऊ देऊ या

इगतपुरीकरांनो, आणि सिनेमातल्या माणसांवर घरच्यासारखा जीव लावणाऱ्या सगळ्यांनो,

आपल्या त्रिंगलवाडी किल्ल्याच्या परिसरात एक वस्ती आहे. तिला पूर्वी पत्र्याचा वाडा म्हणत. अभिनेते इरफान खान यांनी तिथे जागा घेतली आणि ते तिथल्या लोकांचे होऊन गेले. त्यांनी गावाला रुग्णवाहिका दिली, शाळेतल्या मुलांना संगणक, पुस्तकं, रेनकोट, स्वेटर दिले. इगतपुरीचा पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला पोराच्या अंगावरच्या रेनकोटाची किंमत वेगळी सांगायला नको. त्यांचा सिनेमा लागला की वस्तीतली माणसं नाशिकला जाऊन बघून येत. 29 एप्रिल 2020 रोजी इरफान गेले. गावकऱ्यांनी वस्तीला नाव दिलं, ‘हीरोची वाडी’.

हे आज आठवायला कारण आहे. गाजलेल्या सिनेमांचे दुसरे-तिसरे भाग निघण्याचे हे दिवस आहेत. पहिल्या भागातला नट हयात नसेल, तर त्याच्या पात्राचं करायचं काय, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो. आता त्यावर एक सोपं उत्तर हाताशी आलंय: एआय वापरून त्याचा चेहरा आणि आवाज तयार करायचा. ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागात लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याला असं परत आणण्याचं बोलणंही झालं आहे. त्यामागे प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही माझी हात जोडून विनंती आहे, की आपण प्रेक्षकांनी याचा हट्ट धरू नये.

कारण साधं आहे. नट नुसता चेहरा नसतो. संवाद कुठे तोडायचा, कुठे गप्प राहायचं, हे तो त्या क्षणी ठरवतो. मुख्य म्हणजे त्याला नकार देता येतो. गेलेल्या माणसाला ‘हे मी करणार नाही’ असं म्हणता येत नाही.

शिवाय याविना चांगले सिनेमे झालेत. एक वाट ‘झपाटलेला’चीच. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्ये गेले. 2013 मध्ये ‘झपाटलेला 2’ आला, त्यात गोष्ट लक्ष्याच्या मुलाकडे गेली. तात्या विंचू हा बाहुला तोच होता, मधू कांबीकरही होत्या. पहिल्या भागातली आई आता आजी झाली होती. आपल्या घरांतही असंच होतं. मधला माणूस जातो, आजी आणि नातू उरतात, आणि घर चालू राहतं.

दुसरी वाट रंगभूमीने कधीच दाखवली आहे. ‘मोरूची मावशी’ नाटकातली मावशी आधी बापूराव माने यांनी गाजवली, मग विजय चव्हाण यांनी, पुढे भरत जाधव यांनी. प्रत्येकाने लुगडं नेसलं ते आपल्या पद्धतीने. कुणी कुणाची नक्कल विकली नाही. सिनेमातही, ‘दबंग 3’मध्ये दिवंगत विनोद खन्ना यांची भूमिका त्यांचे भाऊ प्रमोद खन्ना यांनी केली, तीही उघडपणे.

आणि तिसरी वाट इरफान यांच्याच बाबतीतली. 2007 च्या ‘लाइफ इन अ मेट्रो’मधला त्यांचा मॉन्टी आठवा. कोंकणा सेन शर्माला उंच इमारतीच्या गच्चीवर नेऊन ‘मनातलं सगळं ओरडून टाक’ म्हणणारा. 2025 मध्ये अनुराग बासू यांनी ‘मेट्रो इन दिनों’ केला. त्यात कोंकणा आहेत आणि त्यांच्या नवऱ्याचं नाव मॉन्टीच आहे. पण हा मॉन्टी पंकज त्रिपाठी यांचा. माणूस वेगळा, गोष्ट वेगळी. हीरोच्या वाडीने केलं तेच इथे झालं. नाव राखलं, माणसाला जाऊ दिलं.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. दिवंगत अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं, की व्यक्तिमत्त्वाचे हक्क माणसाबरोबरच संपतात. कॅलिफोर्नियात मात्र गेलेल्या कलावंताची अशी प्रतिकृती वापरायला वारसांची संमती बंधनकारक करणारा कायदा 2024 मध्ये झाला. आपल्याकडे राखण करायची ती आपणच.

म्हणून एवढं करा. गेलेल्या कलावंताला ‘जिवंत’ केलेला व्हिडिओ फोनवर आला, तर पुढे पाठवण्याआधी थांबा. तो कुणी बनवला, घरच्यांना विचारलं का, ते बघा. कळलं नाही तर पुढे पाठवू नका. एखाद्या भूमिकेत नवा माणूस दिसला, तर पहिल्याच दृश्यात ‘त्याची सर नाही’ म्हणून उठू नका, त्याला अर्धा तास द्या. तुमच्या घरात, ओळखीत कुणी नाटकात काम करत असेल, गात असेल, तर माझ्यामागे माझ्या आवाजाचं, चेहऱ्याचं काय करायचं आणि काय नाही, हे त्याला आजच कागदावर लिहून ठेवायला सांगा. घरच्यांवर नंतर तो भार पडत नाही.

आणि आठवण फारच आली, तर त्यांचा जुना सिनेमा लावा. मुलांना शेजारी बसवा. इरफान यांचा मॉन्टी गच्चीवर उभा आहे, लक्ष्या तात्या विंचूला घाबरून पळतो आहे. ते त्यांनी स्वतः केलेलं काम आहे. ते कितीही वेळा बघा.