खाशाबांचं देणं

कोल्हापूरच्या तांबड्या मातीत रोज घाम गाळणाऱ्या पोरांसाठी ही नोंद. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अंगकाठीने लहान, पण चपळ. 1948 साली लंडन ऑलिंपिकला 52 किलो गटात ते सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती नवी होती. पुढच्या खेपेला पैशांची अडचण आली, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 1952 साली हेलसिंकीला खाशाबांनी 57 किलो गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पुढची वाट मात्र खडतर निघाली. गुडघ्याच्या दुखापतीने 1956 चं ऑलिंपिक हुकलं. 1955 मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, पण बढतीसाठी वर्षानुवर्षं ताटकळले. 1984 मध्ये अपघाती मृत्यू आला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

खेळाडूची कदर तो हयात असताना, पडत्या काळातही व्हायला हवी. तालमीतल्या पोरांना खुराक, गादी आणि उपचार वेळेवर मिळावेत, ही जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे. खर्डेकरांनी ती आपणहून उचलली होती.