विश्लेषण : बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन घटणे मध्येच का थांबते? शस्त्रक्रिया वाया गेली असे समजावे का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मधून लठ्ठपणाचा प्रश्न मांडला आणि खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘मुंजारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोव्ही’ ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. या चर्चेत एक गट मागे पडला. काही लाख रुपये खर्चून बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया करून घेतलेले, सुरुवातीला झपाट्याने वजन कमी झालेले आणि आता काटा जागचा हलत नसल्याने धास्तावलेले हे रुग्ण. हा काटा का थांबतो, कधी काळजी करावी आणि त्यावर उपाय काय, याविषयी...

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

भारतात प्रामुख्याने दोन प्रकार होतात. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. पोट लहान झाले म्हणून वजन घटते, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. दोन्ही प्रकारांत जेवणानंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके वाढतात. म्हणजेच ही शस्त्रक्रिया पोटाइतकीच भुकेच्या यंत्रणेवरही होते.

काटा कधी थांबतो?

तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर. त्यांची गल्लत केली की उपाय चुकतो.

पहिला टप्पा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यांच्या दरम्यान येतो. उपासमार सुरू होताच शरीर यकृत आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन वापरते. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. ते बाहेर पडते म्हणून सुरुवातीचे काही किलो भराभर उतरतात. आहार थोडा वाढला की हा साठा पुन्हा भरू लागतो, पाणी परत येते आणि काटा आठवडा-दोन आठवडे थांबतो. चरबी त्याही काळात कमी होतच असते. त्यामुळे या टप्प्यात ठरलेला आहार सुरू ठेवून वाट पाहणे, हाच उपाय.

दुसरा टप्पा वर्ष ते दोन वर्षांनी येतो. वजन सर्वांत खालच्या पातळीवर पोहोचून स्थिरावते. हा शस्त्रक्रियेचा अपेक्षित शेवट असतो. तिसरा टप्पा त्यानंतरचा. वजन हळूहळू पुन्हा वाढू लागते. खरी चौकशी इथे करावी लागते.

शरीर वजन कमी होऊ का देत नाही?

याचा काही भाग साध्या गणिताचा आहे. ११० किलोचे शरीर चालवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ८० किलोच्या शरीराला लागत नाही. खाणे तेवढेच राहिले तरी ऊर्जेची तूट दर महिन्याला आक्रसत जाते आणि एके दिवशी शून्यावर येते. तोच तो दिवस, जेव्हा काटा थांबतो.

दुसरा भाग बचावाचा. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, मेंदू त्याचा अर्थ ‘दुष्काळ’ असा लावतो आणि भूक वाढवून खर्च कमी करतो. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्ही स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी आढळला. हे स्पर्धक आहार आणि व्यायामाने बारीक झाले होते, शस्त्रक्रियेने नव्हे. शस्त्रक्रियेत संप्रेरकांची साथ मिळत असल्याने कमी झालेले वजन टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते. मात्र बचावाची ही यंत्रणा शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण बंद होत नाही. ‘मनावर ताबा नाही म्हणून वजन थांबले’ हा शेरा म्हणूनच अन्यायकारक ठरतो.

दीर्घकालीन आकडे काय सांगतात?

चार हजारांहून अधिक जणांचा समावेश असलेल्या ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. म्हणजे काही वजन परत आले, पण बहुतांश घट टिकली. शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचा धोकाही, वय आणि इतर घटक जमेस धरता, २९ टक्क्यांनी कमी आढळला.

अमेरिकेतील युटा येथील अभ्यासाचे १२ वर्षांचे आकडे २०१७ मध्ये आले. बायपासनंतर दोन वर्षांनी सरासरी घट ४५ किलो, सहा वर्षांनी ३६.३ किलो आणि १२ वर्षांनी ३५ किलो होती. थोडे वजन परत येणे हा नियम आहे आणि त्यानंतर स्थिरावणे हाही. याच अभ्यासात, आधी टाइप-२ मधुमेह असलेल्यांपैकी ७५ टक्के जण दोन वर्षांनी मधुमेहमुक्त स्थितीत होते. १२ वर्षांनी हे प्रमाण ५१ टक्के होते. तपासण्या आयुष्यभर का सोडायच्या नाहीत, त्याचे उत्तर या घसरणीत आहे.

‘अपयश’ कशाला म्हणायचे?

एक उदाहरण पाहू. उंची १६० सेंटिमीटर, वजन ११० किलो. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, ४३. शस्त्रक्रियेनंतर वजन ८० किलोवर येऊन थांबले. बीएमआय ३१. नातेवाईक म्हणणार, ‘अजून जाडच आहे’. पण एकूण वजनातील घट २७ टक्के आहे. बीएमआय २५ हे लक्ष्य धरले तर या उंचीला ६४ किलो हवेत, म्हणजे ४६ किलो अतिरिक्त होते आणि त्यातील ६५ टक्के गेले. अतिरिक्त वजनातील ५० टक्के किंवा एकूण वजनातील २० टक्के घट ही सर्वसाधारणपणे यशाची खूण मानली जाते. दोन्ही निकषांवर ही व्यक्ती उत्तीर्ण आहे.

लठ्ठपणा शस्त्रक्रिया क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेल्या व्याख्यांनुसार, एकूण वजनातील घट २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर प्रतिसाद अपुरा मानावा आणि घटलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून अधिक परत आले तर दखल घ्यावी. वरच्या उदाहरणात ३० किलो घटले. त्यातले तीन-चार किलो परत आले तर घाबरण्याचे कारण नाही. नऊ किलोंहून अधिक आले तर डॉक्टरांकडे जायला हवे. मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेतील श्वासरोध पुन्हा बळावला असेल तर मात्र वजनाचा आकडा काहीही असो, थांबू नये.

खाण्यातून वजन परत कसे येते?

छोट्या पोटालाही पळवाटा असतात. भाकरी-उसळ, अंडी किंवा मासे यांनी पोट लवकर भरते आणि भरलेले राहते. चिवडा, शेव, वेफर्स, चहात बुडवलेली बिस्किटे मात्र तोंडातच विरघळतात आणि जठरातून भर्रकन पुढे सरकतात. वाटीभर चिवड्याने पोट भरल्याचे जाणवत नाही, पण तेल आणि पोहे दोन्ही पोटात गेलेले असतात. उसाचा रस, सरबते, गोड लस्सी यांचेही तसेच. जेवताना पाणी पीत राहिल्याने अन्न लवकर पुढे सरकते आणि पुन्हा भूक लागते, म्हणून जेवण आणि पाणी यांत साधारण अर्ध्या तासाचे अंतर ठेवायला सांगतात.

सर्वाधिक नुकसान ‘येता-जाता तोंडात टाकण्या’ने होते. एका वेळी कमीच खाल्ले जाते, त्यामुळे ‘मी काहीच खात नाही’ हे रुग्णाचे म्हणणे खोटे नसते. दिवसभराची बेरीज मात्र वेगळी येते. उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी आणि बटाट्याच्या किसावर भागवले, तर त्या दिवशी प्रथिने जवळजवळ नसतात. मद्याबाबत विशेष सावधगिरी हवी. बायपासनंतर ते रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात चढते. अमेरिकेतील २०१२ च्या अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले.

काटा थांबला तर काय तपासावे?

पहिली तपासणी प्रथिनांची. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घेण्याचा सल्ला दिला जातो. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, तर १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम असतात. पातळ वरणाच्या वाटीवर हे गणित जुळत नाही. प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात, स्नायू झिजले की ऊर्जाखर्च आणखी घटतो. चालण्यासोबत वजन उचलण्याचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम हवेत, ते याचसाठी.

दुसरी तपासणी औषधांच्या यादीची. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या, काही मनोविकारांवरील औषधे आणि व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकते. ती परस्पर बंद करू नयेत. पर्यायाबद्दल डॉक्टरांना विचारावे. तिसरी, थायरॉइडसह रक्ताच्या चाचण्या. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची पातळीही याच वेळी पाहावी. चौथी, झोप आणि मानसिक आरोग्य. आणि शेवटी रचनेची. वजन वेगाने परत येत असेल तर एण्डोस्कोपी किंवा एक्स-रेद्वारे पोटाची पिशवी वा जोड सैल झाला आहे का, हे पाहिले जाते.

काटा हलवण्यासाठी पुन्हा फक्त द्रवाहारावर जाणे, जेवण सोडणे किंवा समाजमाध्यमांवर मिळणाऱ्या पावडरी घेणे टाळावे. पोषणद्रव्यांचे शोषण आधीच मर्यादित असते. सतत उलट्या होत असतील आणि सोबत हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे किंवा गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे असतील, तर ती बी-१ जीवनसत्त्वाच्या गंभीर कमतरतेची असू शकतात. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

इंजेक्शने की पुन्हा शस्त्रक्रिया?

शस्त्रक्रियेला किमान वर्ष उलटूनही वजनात २० टक्क्यांपर्यंतच घट झालेल्या ७० जणांवर ब्रिटनमध्ये ‘बॅरी-ऑप्टिमाइज’ ही चाचणी झाली. जीएलपी-१ गटातील लिराग्लुटाइड २४ आठवडे घेणाऱ्यांचे वजन आणखी सुमारे ८.८ टक्क्यांनी घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे ०.५ टक्के. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे पुन्हा शस्त्रक्रियेआधी औषधाचा पर्याय पाहणे सयुक्तिक ठरते. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने या औषधांचा खर्च कमी होण्यास वाव आहे. पण औषध थांबवल्यास वजन परत येऊ शकते. शिवाय आधीच कमी खाणाऱ्याची भूक आणखी मंदावली, तर प्रथिनांची तूट वाढते. हे औषध शस्त्रक्रियेचा इतिहास माहीत असलेल्या डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यावे.

पुन्हा शस्त्रक्रियेत स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर केले जाते. तीव्र आम्लपित्ताचा त्रास असेल तर त्याचा दुहेरी फायदा होतो. मात्र पहिल्यापेक्षा गुंतागुंतीचा धोका अधिक आणि वजनातील घट सहसा कमी असते.

रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे का जात नाहीत?

एक कारण पैशांचे. विमा नियामक ‘इर्डाई’च्या नियमांनुसार १८ वर्षांवरील व्यक्तीचा बीएमआय ४० किंवा अधिक असल्यास, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक असल्यास, आणि इतर उपाय निष्फळ ठरले असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने होणारी शस्त्रक्रिया लठ्ठपणासाठीच्या अपवादातून वगळली जाते. म्हणजे तिच्यासाठी दावा करता येतो. नंतरचे आहारतज्ज्ञ, चाचण्या आणि जीवनसत्त्वांचा खर्च मात्र बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो.

दुसरे कारण लाजेचे. ‘एवढा खर्च करून पुन्हा वाढले’ हे ऐकून घ्यावे लागेल, या भीतीने वजन वाढू लागताच अनेक जण तपासणीला जाणेच बंद करतात. जेव्हा मदतीची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात अतिवजन वा लठ्ठपणा असलेल्या महिलांचे प्रमाण २०.६ वरून २४ टक्के, तर पुरुषांचे १८.९ वरून २२.९ टक्के झाले. शस्त्रक्रियेकडे वळणारेही वाढणार. रक्तदाबाची गोळी सुरू असताना रक्तदाब वाढला तर रुग्णाला दोष न देता मात्रा बदलली जाते. लठ्ठपणाही तसाच दीर्घकालीन आजार आहे. काटा थांबला असेल तर शेवटची तपासणी कधी झाली ते पाहावे आणि सहा महिने उलटले असतील तर आधी वेळ घ्यावी.