बर्फातली जुनी गाडी आणि थांबण्याची अक्कल

माझा भाचा यंदा शिक्षणासाठी टोरंटोला गेला. परवा त्याचा फोन आला. "मामू, एक सेकंडहँड स्टेशन वॅगन बघितलीय. ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. सगळे साठवलेले पैसे त्यात जातील, पण थंडीची काळजी मिटेल."

मी विचारले, "आणि टायर?"

"टायर आहेत की चारही!"

या उत्तराने माझ्या पोटात गोळा आला. कारण काही वर्षांपूर्वी हेच उत्तर मी स्वतः दिले होते.

नोकरीनिमित्त मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहिलो. सोलापूरच्या उन्हात वाढलेला माणूस. पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला की नाकातले केससुद्धा गोठतात, हे तिथे गेल्यावर कळले. कर्ज काढायचे नव्हते, म्हणून रोखीने जुनी गाडी घ्यायचे ठरवले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टाटा इस्टेट निघाली होती, ती ज्यांना आठवत असेल त्यांना स्टेशन वॅगन म्हणजे काय ते सांगायला नको. मोटारीसारखी बैठी, मागे लांबलचक सामानाची जागा. विकणाऱ्याने सांगितले, "चारही चाकांना ताकद आहे, बर्फात रणगाड्यासारखी जाईल." आणि ती गेलीही. शेजाऱ्यांच्या गाड्या जागच्या जागी चाके फिरवत असताना माझी सरळ बाहेर पडायची. मला फार अभिमान वाटायचा.

जानेवारीत एका सकाळी सेंट पॉलमध्ये नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याने खाली येत होतो. पुढे थांबण्याची पाटी होती. एक बाई लहान मुलाचा हात धरून रस्ता ओलांडायला उतरल्या. मी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक थरथरला, गाडी मात्र घसरतच राहिली. त्या बाईंनी मुलाला मागे ओढले. मी पाटी ओलांडून चौकाच्या मधोमध थांबलो. कुणाला काही झाले नाही. पण त्या मुलाची लाल टोपी आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

चूक गाडीची नव्हती, माझी होती. टायरवरची नक्षी झिजली होती आणि ते हिवाळ्याचे टायर नव्हतेच.

पुढच्या शुक्रवारी मशिदीच्या पार्किंगमध्ये हा प्रसंग मी एका सोमाली टॅक्सीचालकाला सांगितला. अमेरिकेतली सर्वांत मोठी सोमाली वस्ती मिनेसोटात आहे. माझ्यासारखाच उन्हाच्या मुलखातला माणूस, पण बर्फात वीस हिवाळे काढलेला. तो खाली वाकला, टायरवर बोट फिरवले आणि म्हणाला, "भाई, चालायला चार चाकांची ताकद लागते हे खरे. पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. मग थांबण्यात तुझी गाडी वेगळी कशी?"

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ऑल-व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चार चाकांत वाटते. त्याने गाडी निघते, चढ चढते. थांबणे आणि वळणे मात्र रस्त्याला टेकलेल्या रबराच्या हाती असते, आणि एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो जेमतेम तळहाताएवढा. पारा सुमारे सात अंशांखाली गेला की साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. म्हणून माझे मत असे झाले आहे की बर्फात चारही चाकांची ताकद असलेल्या पण झिजल्या टायरच्या गाडीपेक्षा, पुढच्या दोनच चाकांना ताकद असलेली पण चांगल्या हिवाळी टायरची साधी गाडी बरी. पहिली गाडी तुम्हाला वेगात नेते आणि ऐनवेळी सोडून देते. दुसरी निदान निघतानाच सांगते की रस्ता वाईट आहे.

कॅनडाच्या क्युबेक प्रांताने 2008 पासून हिवाळी टायर सक्तीचे केले. आता ही सक्ती 1 डिसेंबर ते 15 मार्च असते. गाडीच्या किती चाकांना ताकद आहे, हे तो कायदा विचारत नाही.

याचा अर्थ या गाड्या वाईट असतात असा नाही. उलट त्यांचा जन्मच कष्टकऱ्यांच्या गरजेतून झाला. जपानच्या बर्फाळ तोहोकू भागातल्या वीज कंपनीला डोंगरात तारा तपासायला जाणाऱ्या कामगारांसाठी जीपपेक्षा आरामशीर वाहन हवे होते. त्यातून सुबारूने 1972 मध्ये चारही चाकांची ताकद असलेली लिओने ही वॅगन बाजारात आणली. 'सुबारू' म्हणजे आपल्या कृत्तिका, उर्दूत ज्यांना सुरैया म्हणतात तो तारकापुंज. कंपनीच्या चिन्हावर तेच तारे आहेत. नांगर न फिरलेली गल्ली, घाटाचा चढ, मागे कुटुंबाचे सामान, अशा आयुष्याला ही गाडी खरोखर उपयोगी पडते.

फक्त जुनी घेताना तिचा हिशेब नीट करावा. रस्त्यावर टाकलेले मीठ बर्फ वितळवते आणि गाडीचे पोटही खाते. म्हणून वरचा रंग बघण्याआधी गाडी उचलून खालचा गंज बघावा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर आतल्या यंत्रणेवर सतत ताण येतो. एक टायर निकामी झाला म्हणजे कधीकधी चारही बदलावे लागतात. मोकळ्या कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवून पाहावी. गाडी अडखळली, धक्के देऊ लागली तर मेस्त्रीला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बॅटरीही तपासावी, कारण शून्याखाली अठरा अंशांत तिची इंजिन फिरवण्याची ताकद निम्म्यावर येते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण हा समज आहे. मनालीत बर्फ पडला की कित्येकदा फक्त फोर-बाय-फोर गाड्या पुढे सोडतात. महाराष्ट्रातून गेलेले हौशी पर्यटक साध्या टायरवर, साखळी न बांधता, छातीठोकपणे निघतात आणि उतारावर घसरतात. गाडी जाते म्हणजे ती थांबेलही, असे आपण गृहीत धरतो.

भाच्याला मी एवढेच सांगितले, "बेटा, थोडी स्वस्त गाडी बघ. पण हिवाळी टायरचे पैसे आधी बाजूला ठेव." तो जरा नाराज झाला. मग मी त्याला लाल टोपीची गोष्ट सांगितली. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर टायरचा फोटो आला.

तुमचीही मुले, भाचे, पुतणे थंड मुलखात असतील. गाडी कुठली घेतली हे आपण सगळेच विचारतो. यंदा टायर कुठले आहेत, तेही विचारा.