Explained : कविता ऐकून चित्र कशासाठी काढायचं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेची इतर विषयांशी सांगड घालून शिकवण्यावर भर आहे. त्याचा एक सोपा प्रकार म्हणजे कविता ऐकून चित्र काढणे.

नगरशी नातं काय?
बालकवी ठोंबरे नगरमध्ये रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले होते. त्यांच्या निसर्गकविता रंगांनी भरलेल्या आहेत, त्यामुळे या उपक्रमाला त्या चपखल बसतात.

फायदा कोणाला?
पाथर्डी, शेवगाव भागातील ऊसतोड कामगारांची अनेक मुलं हंगामात पालकांसोबत गाव सोडतात. शाळा बुडते, वाचन-लेखन मागे पडतं. लेखी उत्तर कोरं राहिलं, तरी कविता कळलेली असू शकते. ते चित्रातून दिसतं.

कसं करायचं?
पुस्तकातलं चित्र झाकून कविता दोनदा वाचा. डोळ्यांसमोर आलं ते मुलांना काढू द्या. मग चित्राबद्दल बोलतं करा आणि त्यांचंच एक वाक्य खाली लिहून घ्या.

काय टाळायचं?
फळ्यावर चित्र काढून देणं. मग सगळ्या वह्यांत एकच चित्र उतरतं आणि कोणाला काय कळलं, हे शिक्षकांना समजत नाही.