वळणाची करवत कोणती घ्यावी?

नवीन जालन्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. जालना म्हटलं की आपल्याला आठवतं बियाणं, नाहीतर लोखंडी सळया. पण या बाईंच्या घरी चालतं लाकूडकाम! यजमान सळयांच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि आता मागच्या दहा बाय आठच्या खोलीत दोघं मिळून देव्हारे, चौरंग आणि गणपतीची मखरं करतात. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून प्लायवूडच्या मखरांना मागणी वाढली, असं त्या लिहितात. अडतं ते वळणापाशी. कमान, मोराची मान, वेलबुट्टी सरळ करवतीनं उतरत नाही. दुकानदारानं मोठा बँडसॉ दाखवलाय. "दोन पाटल्या मोडून तो घ्यावा का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्र एकीचं असलं तरी उत्तर सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे. घरात असा उद्योग करणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणी आहेत.

मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी एक सोपी परीक्षा करा. कागदावर एक बांगडी ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून तसंच करा. आता तुमची नक्षी पाहा. तिच्यातली वळणं बांगडीएवढी आहेत की नाण्याएवढी? आणि लाकूड किती जाड आहे? या दोन उत्तरांवर करवत ठरते, यंत्राच्या आकारावर नाही.

वळणं बांगडीएवढी किंवा त्याहून मोठी आणि प्लायवूड अर्ध्या इंचाचं असेल, तर हातात धरायचं जिगसॉ मशीन पुरे. मखराच्या कमानी याच जातीच्या. शिवाय तीन फुटी फळी यंत्रापाशी फिरवत बसावी लागत नाही, मशीनच फळीवर फिरतं. पातं मात्र अरुंद, वळणासाठीचं मागून घ्या. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून फळीचा वरचा पापुद्रा उडतो. चांगली बाजू खाली ठेवून उलट बाजूवर नक्षी काढा, म्हणजे दर्शनी बाजू साफ राहते. पण उलट बाजूनं काढताना मोराचं तोंड फिरतं, बरं का! जोडीचे मोर असतील तर आधीच विचार करा. आमच्या घरच्या देव्हाऱ्यावर दोन्ही मोर एकाच दिशेला पाहताहेत, ते याच घाईमुळे.

वळण जरा अवघड असेल तर टाकाऊ भागात रेघेपर्यंत जवळजवळ आडवे काप देऊन ठेवावेत. कापता कापता तुकडे गळून पडतात आणि पातं अडकत नाही.

नाण्याएवढी वळणं आणि आतली जाळी हे काम वेगळं. त्याला बारीक पात्याची फ्रेटसॉ हवी. पूर्वी हस्तव्यवसायाच्या तासाला मुलं वापरायची तीच. आधी भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं. दाते खाली, मुठीकडे हवेत. पाती तुटतात, म्हणून डझनानंच आणावीत. हेच काम विजेवर करणारं यंत्र म्हणजे स्क्रोल सॉ. ते टेबलावर बसतं, पात्याची दोन्ही टोकं धरून ठेवतं आणि आवाजही बेताचा करतं. घेताना पातं आणि मागचा खांब यांतलं अंतर मोजा. ते सोळा इंच असेल तर त्याहून लांब तुकडा सगळीकडून फिरवता येत नाही. पाट्या आणि देव्हाऱ्याच्या जाळ्यांना हे छान, मखराच्या मोठ्या कमानीला नाही.

आता बँडसॉ. त्याचं पातं म्हणजे दोन चाकांवर फिरणारा अखंड पट्टा. जाड सागवान तो लोण्यासारखं कापतो आणि कडाही काटकोनात राहते. जाड लाकडात जिगसॉचं पातं वाकतं, कड तिरकी येते. पण पट्टा अखंड असल्यानं तो भोकातून ओवता येत नाही, म्हणजे जाळी नाहीच. सहा मिलिमीटर रुंदीच्या पात्याला नाण्याएवढं वळणही जमत नाही. शिवाय परवान्याचा प्रश्न आहे. लाकूड उद्योगांसाठी केंद्र सरकारनं २०१६ साली सूचना काढल्या. त्यांत परवान्याची सूट आहे ती बँडसॉ न वापरता प्लायवूडसारख्या मालावर काम करणाऱ्यांना. तेव्हा वन विभागाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय दुकानदाराला इसारसुद्धा देऊ नका.

तर ताई, पाटल्या हातातच असू द्या. जिगसॉ घ्या, सोबत हाताची फ्रेटसॉ. दोन सणांचा हिशेब पाहून जाळीची मागणी टिकली, तर स्क्रोल सॉचा विचार करा. राहिले चौरंगाचे नक्षीदार पाय. त्यासाठी प्लायवूडचा एक नमुना कापा, त्यावरून वीस-पंचवीस पाय लाकडावर आखा आणि बँडसॉ असलेल्या वखारीतून मजुरी देऊन एकदम कापून आणा. घासकाम घरी.

मशीनवर बसताना पदर खोचलेला, वेणी बांधलेली, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत आणि डोळ्यांवर चष्मा हवा. बांगड्या काढाव्यात. सणासुदीला हे जिवावर येतं, पण काढाव्यात. फळी हातानं न धरता शिकंजानं टेबलाला आवळा. पातं बदलताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. नाकावर मास्क लावा आणि दार उघडं ठेवा. आणि हो, प्लायवूडचा भुसा बंबात घालू नका, तुळशीच्या मातीतही नको, त्यात रासायनिक डिंक असतो.